पिंड बुडेपर्यंत

फेऱ्याची व्याख्या मी लिहिली होती आणि ती मला बरी वाटली होती. स्वतः लिहिलेलं काही मला सहसा बरं वाटत नाही, म्हणून ती दोनदा फाडून तिसऱ्यांदा तशीच्या तशी लिहिली:

'ठरवलेली अट पुरी होईपर्यंत तेच काम पुन्हा पुन्हा करणे म्हणजे फेरा.'

शाळेत काँप्युटर शिकवणाऱ्या पंचशीला मॅडमनी ती वाचून कागद टेबलावर ठेवला. "चांगली आहे, सर. पण उदाहरण पाहिजे. व्याख्या पोरं पाठ करतील. उदाहरण असलं तरच मशीनला हात लावतील."

मी त्याच कागदाखाली लिहून दिलं:

फेरा
घागर आण
गाभाऱ्यात ओत
पिंड बुडेपर्यंत

हे मी लहानपणी डोळ्यांनी पाहिलेलं होतं. पाऊस ओढून धरला की आमच्या गावात सिद्धेश्वराच्या देवळाचा गाभारा पाण्याने भरतात. गोमुखात चिंध्या कोंबून वरून चिखल थापतात आणि पिंड पूर्ण बुडेपर्यंत घागरी ओततात. देवाला कोंडलं की त्याला पाऊस पाडावा लागतो, अशी समजूत. फेरा म्हणजे काय ते सांगायला याहून सोपं काय असणार, असं मला वाटलं.

मॅडमनी चारही ओळी बोट ठेवून वाचल्या. मग म्हणाल्या, "सर, वर्गात निम्मी पोरं आमच्या वस्तीतली आहेत. त्यांना गाभारा आतून कसा असतो ते माहीत नाही."

हे मला सुचायला हवं होतं. मी कागद मागे घ्यायला हात पुढे केला, पण त्यांनी तो सोडला नाही.

"असू द्या. पोरं समजून घेतील, चित्र काढून दाखवू. माझी अडचण दुसरी आहे. पिंड नाहीच बुडली तर?"

"बुडतेच," मी म्हणालो.

"समजा नाही बुडली."

"अहो, मी पाहिलंय. बुडते."

त्यांनी कागद वहीत ठेवून दिला. मी त्यांच्या वडिलांच्या वयाचा, त्यांच्या हेडसरांना गणित शिकवलेला माणूस. माझ्याशी वाद घालणं त्यांना जड जात असावं. मलाही त्यांच्याशी वाद घालणं जड जात होतं, पण ते माझ्या चेहऱ्यावर दिसत नसावं.

लातूर जिल्हा होऊन काही वर्षं झाली होती, तरी निम्म्या कचेऱ्या भाड्याच्या घरांत होत्या आणि उस्मानाबादचं नाव छापलेले जुने कागद त्यावर लातूरचा शिक्का मारून वापरले जात. नव्या जिल्ह्याच्या वाट्याचा म्हणून एक काँप्युटर आमच्या शाळेत आला. आमच्या म्हणजे मी जिथून निवृत्त झालो त्या शाळेत. तो म्हणजे एक जाडजूड कीबोर्ड, त्याला जोडलेला टीव्ही आणि प्रोग्रॅम साठवायला टेपरेकॉर्डर. पंचशीला मॅडमना त्याच्यासाठी नांदेडहून घेतलं होतं, तात्पुरत्या जागेवर.

मशीनला इंग्रजीच यायचं. आमच्या पोरांना इंग्रजी येत नव्हतं. मॅडमनी चौकटीच्या कागदावर एकेक मराठी अक्षर काळ्या-पांढऱ्या घरांत बसवलं आणि मशीनला शिकवलं. 'ळ' बसता बसत नव्हता. तो आला त्या दिवशी हेडसर वीरण्णा पेढे घेऊन आले. मग आम्ही दोघांनी एक छोटी भाषा केली. शब्द मी काढायचे आणि ते मशीनला कळतील असं मॅडमनी करायचं. 'लिही', 'विचार', 'पुढे जा', 'वळ' एवढं झालं होतं. पोरं त्यातून घरं काढत, नावं लिहीत. राहिला होता फेरा, आणि फेऱ्याशिवाय भाषा म्हणजे नुसती एकामागून एक सांगितलेली कामं.

वेळ फार नव्हता. मराठी शाळेला हे मशीन कशाला, ते नांदेडच्या इंग्रजी शाळेला द्यावं, अशी मागणी वर गेली होती. औरंगाबादहून साहेब तपासायला येणार होते. पोरं आपल्या मनाने मशीनवर काही करून दाखवू शकली तर मशीन राहील आणि मॅडमची जागाही राहील. नाहीतर दोन्ही जाईल.

"मशीन नांदेडला जाईल, मी पण नांदेडलाच जाईन," मॅडम एकदा हसत म्हणाल्या होत्या. "फरक एवढाच, मशीनला तिथं काम मिळेल."

भाड्याच्या खोलीत त्यांनी एक ट्रंक आणि एक बादली यांच्यापलीकडे काही घेतलं नव्हतं, असं त्यांच्या घरमालकीणबाई सांगत.

आमचा वाद एका शब्दावर अडला होता. मॅडमना फेऱ्यातून मध्येच बाहेर पडायची सोय हवी होती. त्यांनी शब्दही सुचवला होता, 'तोड'. मला तो नको होता. एका दाराने आत जायचं आणि एकाच दाराने बाहेर यायचं, तरच फेरा नीट, असं मी एका पुस्तकात वाचलं होतं आणि ते मला पटलं होतं. सुरुवातीला अट सांगितली की ती पाळायची. मधूनच सुटायचं असेल तर अट सांगावी कशाला?

"आणि अडलंच काही," मी म्हणालो, "तर कीबोर्डवर ती कळ आहे ना. दाबली की सगळं थांबतं."

"ती कळ बाहेरच्याच्या हातात आहे, सर. आत जो फेऱ्या मारून राहिलाय त्यानं काय करायचं?"

"त्याने अट पुरी करायची."

मॅडमनी खडू हातात फिरवला. "ठीक आहे. तुमचा शब्द राहू द्या. तपासणीला तेवढ्यावर निभेल म्हणा."

त्या हरल्यासारख्या बोलल्या. मला जिंकल्यासारखं वाटलं नाही. घरी येऊन मी ते पुस्तक पुन्हा काढलं. ते पान बरोबर होतं. मला ते बरोबर समजलं होतं की नाही, ते मात्र कळेना.

त्या उन्हाळ्यात लातूरला नळ कधीतरीच यायचे. मॅडमच्या घरमालकीणबाई एक बादली द्यायच्या, तीही तोंड वाकडं करून. त्यातच गावाहून अक्काचा निरोप आला. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण, गंगम्मा. निलंग्याकडच्या आमच्या गावात ती एकटी राहते. सोमवारी देव कोंडणार आहेत, ये, असा निरोप एसटीच्या कंडक्टरने दारात उभं राहून दिला.

मी मॅडमना म्हणालो, "चला माझ्याबरोबर. आमच्या विहिरीला अजून पाणी आहे. दोन दिवस आंघोळ तरी होईल."

"आणि उदाहरण पण बघून होईल," त्या म्हणाल्या. "पण मी देवळात येणार नाही हं, सर. आम्ही जात नाही."

"बाहेर बसा. बाहेर लिंबाची सावली आहे."

"मग येते. आंघोळीसाठी."

अक्काने दारातच मॅडमना वरपासून खालपर्यंत पाहिलं. "ह्या कोण म्हनायच्या, तम्मा?" धाकट्या भावाला, म्हणजे मला, ती अजून तम्माच म्हणते.

"शाळेतल्या मॅडम. नांदेडच्या."

"नांदेडला कुनाच्या?"

मॅडमनी वडिलांचं नाव आणि आडनाव स्वच्छ सांगितलं. अक्काने ते ऐकलं, मान हलवली आणि आत जाऊन पितळी तांब्या भरून आणला. "न्हाणीत ठेवलंय पाणी. पैलं हातपाय धू बाई, मग बोलू. उन्हाचं आलाव." ओसरीवर शेजारची मल्लम्मा बसली होती. ती तांब्याकडे बघत राहिली. अक्का तिला म्हणाली, "तुलाबी पाहिजे का पाणी?" मल्लम्मा उठून गेली.

सकाळी देवळात संकल्प झाला. गावातली सगळ्यात वडील बाई म्हणून तो अक्काच्या तोंडून वदवला. देवळाचे पुजारी रेवणसिद्ध स्वामी सांगत गेले, तिने म्हटलं: पिंड बुडेपर्यंत गाव घागर खाली ठेवणार नाही. मग विहिरीपासून देवळापर्यंत बायाबापड्यांची रांग लागली. भरल्या घागरी एका बाजूने आत येत, रिकाम्या दुसऱ्या बाजूने परत जात. मीही रांगेत उभा राहिलो. हातात काम असलं की मला माणसांत बरं वाटतं.

सरपंच धोंडप्पा विहिरीच्या कठड्यावर बसून सगळ्यांना जोर देत होता. मला बघून म्हणाला, "मास्तर, हळू. घागर हाय, खडू न्हाई."

रांग हसली. मीही हसलो.

पिंडीवर स्वामींनी भस्माच्या तीन पट्ट्या ओढल्या होत्या. पाणी चढत गेलं तसं सगळे त्या पट्ट्यांवर लक्ष ठेवून होते. खालची पट्टी भिजली तेव्हा आत कुणीतरी 'हर हर' म्हणालं आणि रांगेतून ते विहिरीपर्यंत गेलं. आता मधली. मग वरची. मग झालं.

मधली पट्टी भिजेना.

पहिल्यांदा कुणाला काही वाटलं नाही. घागरी येत होत्या, ओतल्या जात होत्या. ऊन चढलं. गाभाऱ्याच्या उंबऱ्यात उभे असलेले स्वामी बाहेर जाऊन गोमुख चाचपून आले, चिंध्या घट्ट होत्या. पुन्हा घागरी. पाणी पट्टीच्या कडेला येऊन टेकायचं, दोन घागरींमध्ये जरा वेळ गेला की खाली उतरायचं. एव्हाना मी रांगेत सरकत गाभाऱ्याच्या दाराशी आलो होतो, तिथून हे मला दिसत होतं. माझ्या शेजारच्यालाही दिसत असणार. आम्ही दोघं पुढच्या माणसाकडे बघत घागर देत राहिलो.

देवळाच्या पायरीशी मॅडम आल्या. आत न येता त्यांनी मला खुणावलं.

"सर, जरा मागं येऊन बघता?"

देवळाच्या मागे पडीक जमीन होती, भेगा पडलेली. भिंतीच्या बुडाशी मात्र ती काळी, ओली झाली होती. ओल पसरत लांबवर गेली होती. तिथे शेळ्या चिखलात तोंड घालून पाणी चोखत होत्या.

"गाभाऱ्याची फरशी फुटलेली आहे," मॅडम म्हणाल्या. "जेवढं ओतताय तेवढं इथं येऊन राहिलंय."

त्यांनी 'नाहीच बुडली तर' असं विचारल्याची मला आठवण झाली आणि त्या ते आता बोलून दाखवतील असं वाटलं. त्यांनी दाखवलं नाही. त्यांनी लिंबाकडे बोट केलं. तिथे वस्तीतल्या बायका रिकाम्या कळश्या घेऊन बसल्या होत्या. वस्तीची विहीर आटल्यापासून त्या गावच्या विहिरीवर येत, पण गावाचं भरून झाल्यावर, उन्हं उतरल्यावर.

"सरजाबाई म्हणतात, त्या सकाळपासून बसल्यात. विहिरीत आता घागर अर्धीच भरून येतेय. संध्याकाळी ह्या काय भरणार, सर?"

सरजाबाई म्हणजे त्या बायकांतली पोक्त बाई. ती बसल्या जागेवरूनच म्हणाली, "आमी कळश्या आनल्यात मास्तर, पर चिखल शेळ्याच खाऊन राहिल्यात. आमाला काय उरंल?"

बाकीच्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. त्या हसण्यात गंमत फार नव्हती.

मी परत देवळात गेलो आणि खरं सांगायचं तर पुन्हा रांगेत उभा राहिलो. कुणाला सांगायचं? धोंडप्पाला सांगितलं तर तो म्हणणार, मास्तर, तुम्ही शहरात राहता, पाऊस आम्हाला पाहिजे. स्वामींना सांगावं, तर त्यांनाही दिसत होतंच. इथे प्रत्येकाला ठाऊक होतं की पाणी चढत नाही, आणि प्रत्येकाला हेही ठाऊक होतं की जो थांबवेल त्याच्या नावावर पुढचा दुष्काळ लागेल. बाहेरून दाबायची कळ इथे कुठेच नव्हती. घागर माझ्या हातात आली. अर्धीच होती. मी ती पुढच्याला दिली नाही. खाली ठेवलीही नाही. ती घेऊन तसाच सभामंडपात अक्काजवळ गेलो.

ती खांबाला टेकून बेलाची पानं निवडत होती.

"अक्का, पाणी खालनं जाऊन राहिलंय. फरशी फुटलीय."

"मला दिसत न्हाई व्हय?" पानं निवडता निवडता ती म्हणाली. "मघाधरनं मधली पट्टी कोरडी ती कोरडीच."

"मग?"

"मग काय. बोलले तर म्याच हाय. बुडंपर्यंत म्हनून."

"म्हणून तर तूच थांबवू शकतेस."

तिने मान वर केली. "आन पाऊस न्हाई पडला तर?"

"ते मला ठाऊक नाही, अक्का," एवढंच म्हणालो.

तिने माझ्या हातातल्या घागरीत डोकावून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग पानं पदरातून खाली ठेवली आणि म्हणाली, "पुरे."

तिने ते मोठ्याने म्हटलं नव्हतं. पण आतल्या दोघांनी ऐकलं, त्यांनी घागरी खाली ठेवल्या, आणि ते थांबणं रांगेतून मागे मागे विहिरीपर्यंत गेलं. धोंडप्पा तणतणत आला.

"गंगाक्का, आसं मधीच सोडलं तर सालभर गाव तुझं नाव घेईल."

"घेऊ दे. मला आयकू कमी येतं."

"हसन्यावारी नेऊ नको, अक्का."

स्वामींनी तोडगा काढला. ते हळू आवाजात म्हणाले, "एक भरली घागर वरनं पिंडीवर सोडू. डोक्यावरनं पाणी गेलं की बुडाली असं म्हणता येतं. संकल्पबी राहतो, समद्यांचं समाधानबी होतं."

बऱ्याच जणांना ते पटलं. मलाही क्षणभर पटलं. अट पाळली जात होती, दारही तेच राहत होतं.

अक्काने स्वामींकडे पाहिलं. "देवाला फशिवता व्हय स्वामी? न्हाई बुडली तर न्हाई बुडली म्हनावं." मग लुगडं गुडघ्याच्या वर खोचून ती गाभाऱ्यातल्या पाण्यात उतरली. पिंडीवर हात ठेवून, घरातल्या माणसाशी बोलावं तसं बोलली. "बोलले हुते, पुरं झालं न्हाई. तुझ्या बुडाची फरशी फुटलीय, समदं पाणी मागं जायलंय. भाईर बाया खोळंबल्यात. हाय इतकं घे."

ती ओल्या लुगड्याने बाहेर आली. धोंडप्पाने विहिरीवर जाऊन दोर सोडला आणि तिथूनच लिंबाखालच्या बायकांना हाक मारली. "या आता. उन्हं उतरायची वाट नका बघू." सरजाबाई पुढे झाली. कळशी भरताना तिने विचारलं, "आज देवाच्या आधी आमी कसं काय?" धोंडप्पा म्हणाला, "देवाचं झालं."

दुसऱ्या दिवशी आम्ही एसटीने लातूरला परत निघालो. मॅडमचे केस धुतलेले होते आणि त्या खिडकीबाहेर बघत होत्या. मलाच बोलायला हवं होतं.

"मॅडम, तुमचं बरोबर होतं. आतून थांबायला जागा पाहिजे."

त्या वळल्या. बरोबर होतं म्हणून त्यांना आनंद झाला असं काही दिसलं नाही. "सर, स्वामींनी सांगितलं तसंही करता आलं असतं. काँप्युटरमध्ये लोक करतातच तसं. बाहेर पडायचं असलं की खोटीच अट पुरी झाली म्हणून सांगतात. फेरा सुटतो. मग पुढचा प्रोग्रॅम पिंड बुडालीय असं समजून चालू लागतो."

"आणि मागे शेळ्या चिखल खात असतात."

"हाव." त्या हसल्या. "शब्द कोणता घ्यायचा? 'तोड' तुम्हाला आवडत नाही."

"'पुरे'."

त्यांनी तो शब्द पुटपुटून पाहिला.

"पण नुसतं 'पुरे' नको," मी म्हणालो. "अक्का नुसती पुरे म्हणून घरी गेली नाही. का थांबलो ते आत जाऊन सांगितलं. 'पुरे'च्या पुढे कारण लिहावंच लागेल असं करता येईल का? कारण न लिहिता कुणी थांबवलं तर मशीनने ते घ्यायचंच नाही."

"करता येईल. पोरं वैतागतील."

"वैतागू द्या."

त्या आठवड्यात वीज दुपारची जायची. मॅडम सकाळी सहा वाजता शाळेत येत, प्रोग्रॅम लिहीत आणि वीज जाण्याआधी कॅसेटवर उतरवून ठेवत. एकदा कॅसेट खराब निघाली आणि सगळं पुन्हा लिहावं लागलं. मी शेजारी बसून व्याख्येत भर घालत होतो. ती काही पहिल्यासारखी आटोपशीर राहिली नाही:

'ठरवलेली अट पुरी होईपर्यंत तेच काम पुन्हा पुन्हा करणे म्हणजे फेरा. अट पुरी होईलच असे नसते. म्हणून कधी पुरे म्हणायचे आणि का म्हणायचे, ते फेऱ्याच्या आतच लिहून ठेवावे.'

औरंगाबादचे साहेब आले ते कमी बोलणारे होते. त्यांनी पोरांची घरं आणि नावं पाहिली, मान हलवली. मग डाळमिलमधल्या हमालाची मुलगी उमा हिला बोलावलं आणि म्हणाले, "तुझ्या मनाने काहीतरी कर. मॅडमना विचारायचं नाही."

मॅडम भिंतीशी उभ्या होत्या. त्यांनी दोन्ही हात पाठीमागे धरले होते. उमाने टाइप केलं: आकडा विचार, मनातला आकडा येईपर्यंत. मधे आणखी काही ओळी लिहिल्या, त्या मला माझ्या जागेवरून दिसल्या नाहीत. मग म्हणाली, "साहेब, माझ्या मनातला आकडा ओळखा."

साहेबांनी सात दाबला. नाही. पुन्हा सात दाबला. पुन्हा सात. ते मुद्दाम करत होते. हेडसरांनी रुमाल काढून कपाळ पुसलं. साहेब सात दाबत राहिले आणि मशीन विचारत राहिलं. मला वाटलं, आता हे जेवणाच्या सुट्टीपर्यंत चालणार.

मग पडद्यावर आलं: 'पुरे. तुम्ही तोच आकडा सांगताय.'

साहेबांनी पडद्याकडे पाहिलं, मग उमाकडे. "हे तुला कसं सुचलं?"

"माझा बारका भाऊ असंच करतो," उमा म्हणाली. "चिडवायला."

साहेबांच्या ओठांवर काहीतरी हललं. ते मॅडमकडे वळले. "मशीनच्या मूळ भाषेत हे असं नाही ना?"

"उडी मारून बाहेर पडता येतं, सर. पण कुठं जाऊन पडेल ते सांगता येत नाही," मॅडम म्हणाल्या. "आम्ही दाराशी आणून सोडतो. आणि कारण लिहायला लावतो."

"कारण लिहायला लावायची कल्पना कुणाची?"

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं, हेडसरांनीही. "माझ्या बहिणीची," मी म्हणालो. साहेबांना ऐकू गेलं नाही, म्हणून पुन्हा म्हणावं लागलं.

"त्या काय करतात?"

"शेती."

साहेबांनी वहीत काहीतरी लिहून घेतलं. चहा न घेता गेले, कारण चहाला पाणी नव्हतं आणि हेडसर ते सांगायला लाजत होते.

निर्णय पावसाळा लागता लागता कळला. मशीन लातूरलाच राहणार होतं. मॅडमची जागा कायम झाली नाही, पण पुढच्या वर्षापुरती मंजूर झाली, आणि त्याच्या पुढच्या वर्षी पुन्हा बघू, असं हेडसर म्हणाले. मला वाईट वाटलं. मी तसं मॅडमना म्हणालोही.

"वर्षभर तर आहे ना, सर," त्या म्हणाल्या. "आज तुम्हाला वेळ आहे का? गोलाईच्या बाजारात यायचंय. एकटीने आणता येणार नाही."

त्यांना रांजण घ्यायचा होता. कुंभाराच्या दुकानासमोर रस्त्याच्या कडेला ते ओळीने मांडले होते. मॅडम एकेकासमोर बसल्या, बोटाच्या पेराने टकटक करून आवाज ऐकला, आत वाकून पाहिलं. कुंभारीण म्हणाली, "एरवी पाणी भरून दावलं असतं बाई. पर आता पाणीच न्हाई."

"असू द्या," मॅडम म्हणाल्या. "गळला तर परत आणून देईन. घ्याल ना?"

"घेईन की. पर काहून गळंल?"

मॅडमनी मधला, पोट जरा मोठं असलेला निवडला. रिकामाच होता, तरी दोघांना धरावा लागला. एका बाजूने त्यांनी धरला, दुसऱ्या बाजूने मी, आणि गर्दीतून वाट काढत आम्ही त्यांच्या खोलीकडे निघालो.